ठिपक्यांचा शेजार

उद्यमबागेत, दोन फौंड्रींच्या मधे
आमची चाचणीची शेड.
आत सहा मीटरची नळी, आणि तिच्या तोंडापुढे
शिकंजात आवळलेली
पंजाएवढी ॲल्युमिनियमची पाटी.

पाटीच्या पाठीला आधी पांढरा हात द्यायचा.
वाळला की काळे ठिपके.
पाठीलाच, कारण मार समोरून बसतो
पण काय झालं ते पाठ सांगते.

सुरुवातीला मी छापे कापून आणले होते,
सारख्या अंतरावर, रांगोळीचे काढतात तसे.
संगणक फसला.
एकाला दुसऱ्याच्या नावानं हाक मारू लागला,
पाटी जागची न हलताही
आकडे चार-चार मिलिमीटर उड्या मारत राहिले.

मग कुणीतरी भरमाण्णा मुतगेकरांचं नाव काढलं.
अनगोळ नाक्यावरचे जुने बोर्ड पेंटर.
चाळीस वर्षं दुकानांची नावं लिहिली,
वर कन्नड खाली मराठी,
कधी उलट, कधी रातोरात एकच.
(पुसायचे पैसे वेगळे.)
पुढे उजव्या हाताला कंप सुटला,
'ळ'ची गाठ बसेना,
कन्नडचा गोल पुरा होईना,
ब्रश मातीच्या तेलात उभे राहिले ते राहिलेच.

आमच्याकडे ते दाढीच्या ब्रशानं शिंतोडतात.
एक जाड, दोन चिकटलेले, मधेच मोकळं,
पुन्हा तसं त्यांनाही जमणार नाही.
"हे तर चुकलेलं काम की ओ," म्हणाले पहिल्या दिवशी.
मी म्हटलं, हेच पाहिजे.

एकटा ठिपका ओळखता येत नाही.
ओळखता येतो त्याचा शेजार.
संगणक पाटीवर छोट्या छोट्या आळ्या पाडतो
आणि पुढच्या चित्रात तीच आळी हुडकतो,
सरकलेली, तिरपी झालेली, ताणलेली.
"म्हणजे घर नंबर न्हाई,
गिरणीच्या पुढं, चिंचेच्या मागं," भरमाण्णा म्हणाले.

हो. आणि अख्खी पाटी एकदम सरकली
तर ताण शून्य धरायचा.
ताण म्हणजे शेजारी शेजाऱ्यापासून किती लांब गेला.

यावर ते बराच वेळ ब्रश झटकत बसले.
"बहीण शिनोळीला दिलीया," एवढंच म्हणाले.
शिनोळी इथून किती लांब, हे मला माहीत होतं.

दिवे लागले. दोन कॅमेरे, दोन डोळ्यांसारखे तिरपे.
गुरुसिद्ध व्हॉल्व्हपाशी:
मूरु, येरडु, वंदु.
भरमाण्णांच्या कानात कापूस.

आवाज कानाशी पोचेपर्यंत सगळं होऊन गेलं होतं.
सेकंदाला एक लाख चित्रं,
त्यातली बावीस कामाची.
बाराव्यापर्यंत पाटी नुसती पाटी.
तेराव्यात मधली एक आळी उठून उभी राहते
आणि कडेच्या आळ्यांना काही कळलेलं नसतं,
त्या निळ्याच.
मग पिवळं सरकत जातं, तांबडं दाटतं.
अठराव्यात रंग तडकतो.
तिथं संगणक काही लिहीत नाही,
शून्यसुद्धा नाही.
कोरं.

"तिथला माझा ठिपका कुठं गेला?"
मी सांगितलं, ओळख लागेना.
शेजारच मोडला ना.
"गेला न्हवं पर?"
पाटीवर नसेल. जमिनीवर असेल कुठेतरी,
पापुद्र्यात.

ते खरंच वाकून बघू लागले.
गुरुसिद्धनं बॅटरी आणली, तोही वाकला.
वाळूच्या धुळीत तिघांना
मोहरीएवढा एक काळा कण सापडला,
तो ठिपका होता की शेजारच्या भट्टीतली कीट,
ठरलं नाही.

दुसरी पाटी आवळून झाली.
पांढरा वाळला होता.
भरमाण्णांनी ब्रश उचलला, हात हलायला लागला,
काळ्या रंगाचा डबा कलंडायला आला.

मी डबा धरला.
हात नाही धरला.